अडलेलं रिव्हॉल्व्हर आणि न अडलेलं पिस्तूल

(धायरी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर जिन्यात एका गृहस्थांनी मला अडवलं. म्हणाले, "सर, 20 जानेवारीला रिव्हॉल्व्हर अडकलं म्हणून गांधीजी वाचले, हे खरं ना?" मी म्हटलं, अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी एक तास लागेल. तो तास आज घेतो.

आधी थोडं यंत्राबद्दल. आपल्या धायरी-नऱ्हे पट्ट्यात घरटी एक तरी माणूस लेथवर, प्रेसवर नाहीतर स्प्रिंगच्या कामावर असतो, त्यामुळे इथे हे सांगायला मला भीतीच वाटते. चुकलो तर सांगा.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं एका फिरत्या चक्रात बसवलेली असतात. चाप ओढला की तुमच्या बोटाच्या जोरावर चक्र एक घर पुढे सरकतं. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढा, पुढचं समोर येतं. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचं तसं नाही. तिथे बोट फक्त गोळी सोडतं, बाकीचं काम उडालेल्या काडतुसाच्या धक्क्यावर चालतं. स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, घोडा पुन्हा चढवते आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीच्या तोंडात ढकलते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं आणि यातली एक पायरी चुकली तरी पिस्तूल अडतं. मॅगझिनचे ओठ वाकलेले असले, स्प्रिंग थकलेली असली, दारू दमट असली, धूळ शिरली, किंवा धरणाऱ्याचं मनगटच ढिलं असलं आणि स्लाइडला मागे जायला पुरेसा आधार मिळाला नाही, तरी ते अडतं. जाणकार सांगतात, दोष शोधायचा तर मॅगझिनपासून सुरुवात करावी. पिस्तुलाचा सगळ्यात साधा दिसणारा भाग तो, आणि सगळ्यात जास्त छळणाराही तोच.

म्हणून सुरुवातीची वीसेक वर्षं सैन्यांचा या हत्यारावर विश्वास नव्हता. तो कसा बसला? मोजणी करून. मार्च 1911 मध्ये अमेरिकी सैन्याने कोल्ट आणि सॅव्हेज ही दोन पिस्तुलं समोरासमोर ठेवून प्रत्येकातून 6,000 गोळ्या झाडल्या. तापलं की पाण्यात बुडवायचं, पुसायचं, पुन्हा चालू. सॅव्हेज 37 वेळा अडलं. कोल्ट एकदाही नाही. त्याच महिन्यात कोल्ट स्वीकारलं गेलं. किती वेळा अडलं हे कुणीतरी लिहून ठेवलं, म्हणून विश्वासार्हता हा शब्द वापरता आला. नाहीतर नुसत्या गप्पा.

आता पुण्याकडे येऊ. विषय जड आहे, पण टाळून चालणार नाही.

जानेवारी 1948. गांधीजींच्या खुनाचा कट करणाऱ्यांत पुण्याचे लोक होते. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे पुण्यातून 'हिंदू राष्ट्र' हे दैनिक चालवत. गोपाळ गोडसे खडकीच्या लष्करी मोटार-भांडारात नोकरीला. दिगंबर बडगे पुण्यात शस्त्रांचं दुकान चालवणारा. पुढे हाच माफीचा साक्षीदार झाला, आणि त्या सकाळचा तपशील आपल्याला मुख्यतः त्याच्या साक्षीतून मिळतो, हे ध्यानात ठेवा. न्यायालयाने ती साक्ष तपासून ग्राह्य धरली.

या मंडळींकडे दोन रिव्हॉल्व्हर होती. 20 जानेवारीच्या सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागच्या जंगलात ती चालवून पाहिली. गोपाळच्या रिव्हॉल्व्हरचं चक्रच फिरेना. दुसऱ्यातून गोळी सुटली, पण झाडापर्यंत पोचलीच नाही, अलीकडे पडली. जरा विचार करा. ज्याला आपण न अडणारं हत्यार म्हणतो ते रिव्हॉल्व्हर इथे अडलं. चक्रात घाण, गंज, झिजलेला खटका, काहीही असेल. गोळी अलीकडे पडते तेव्हा संशय काडतुसावर जातो, दारू जुनी झालेली असावी किंवा काडतूस त्या हत्याराचं नसावं. यंत्राचा प्रकार कितीही चांगला असो, चोरवाटेने आलेल्या आणि कुणी न जपलेल्या मालाची खात्री कोण देणार?

मग तेलाची बाटली आणि चाकू मागवला गेला, आणि गोपाळ तिथेच दुरुस्तीला बसला. तेवढ्यात तीन वनरक्षक तिकडे आले. हत्यारं झाकली, काहीबाही बोलून त्यांना वाटेला लावलं. उरलेली खटपट मरीना हॉटेलच्या खोलीत.

आता जिन्यातल्या गृहस्थांचा प्रश्न. संध्याकाळी बिर्ला भवनात रिव्हॉल्व्हर अडकलं का? नाही. अडकायला आधी चाप ओढावा लागतो, आणि त्या संध्याकाळी तो कुणीच ओढला नाही. मदनलाल पाहवाने स्फोट घडवला. बडगेने प्रार्थनास्थळामागच्या ज्या खोलीतून हल्ला करायचा होता, तिच्यात शिरायलाच ऐनवेळी नकार दिला होता. आत शिरलं तर बाहेर पडता येणार नाही, हे त्याला दिसलं. स्फोटानंतर मदनलाल जागीच पकडला गेला, बाकीचे पळाले. सकाळच्या बिघाडाने त्यांचा धीर खचला असेल, असं म्हणायला जागा आहे. मला ते पटतं. पण "यंत्र अडलं म्हणून वाचले" हे वाक्य सोयीचं आहे, कारण त्यात माणसांचा हिशेब द्यावा लागत नाही.

पुढचे दहा दिवस मात्र खरोखर या बिघाडाभोवती फिरतात. नथुराम आणि आपटे मुंबईला आले आणि चालणारं हत्यार शोधू लागले. मुंबईत जमलं नाही. 27 जानेवारीला दोघे खोट्या नावांनी विमानाने दिल्लीला गेले, तिथून रेल्वेने ग्वाल्हेर, आणि तिथे त्यांना हवं ते मिळालं. बेरेटा, 1934 चं मॉडेल, इटालियन सैन्याचं अर्धस्वयंचलित पिस्तूल. आखूड 9 मिलिमीटरची गोळी, मॅगझिनमध्ये सात. महायुद्धात इटलीविरुद्ध लढलेल्या सैनिकांबरोबर अशी पिस्तुलं जगभर पसरली. (आपले मराठा सैनिकही त्या आघाडीवर होते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतच. असो, तो वेगळा विषय.)

या बेरेटाची रचना साधी. नळी जागेवर घट्ट, कुलूपबंद यंत्रणा नाही, भाग मोजके, आणि स्लाइडचा वरचा भाग उघडा, त्यामुळे पुंगळीला बाहेर पडायला भरपूर वाट. 30 जानेवारीला संध्याकाळी पाचनंतर त्यातून तीन गोळ्या सुटल्या, अगदी जवळून. तीन गोळ्या म्हणजे मघाशी सांगितलेलं चक्र एकदाही न अडता फिरलं.

आणि त्याच दहा दिवसांत दुसरीकडे काय चाललं होतं? मदनलाल पोलिसांच्या ताब्यात होता. त्याने दिलेल्या माहितीत करकरेचं नाव होतं, आणि पुण्याच्या एका मराठी पत्राच्या संपादकाचा उल्लेख होता. मुंबईच्या रुइया महाविद्यालयातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलाल आधी भेटला होता. त्यांनी 21 तारखेला जे ठाऊक होतं ते मोरारजी देसाईंना सांगितलं. वृत्तपत्रांची सरकारी यादी होती आणि तिच्यात 'हिंदू राष्ट्र'चा संपादक कोण हे छापलेलं होतं. पुण्याच्या गुप्तचर विभागाचे उपमहानिरीक्षक राणा तेव्हा दिल्लीत होते. त्यांच्याकडे मदनलालचा जबाब 25 तारखेला देण्यात आला. ते रेल्वेने निघाले, तेही अलाहाबादमार्गे, आणि मुंबईत पोचले 27 तारखेला. हो, त्याच 27 तारखेला, ज्या दिवशी नथुराम आणि आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले.

लाल किल्ल्यातल्या खटल्याचे न्यायाधीश आत्मा चरण यांनी फेब्रुवारी 1949 च्या निकालात लिहिलं की 20 ते 30 जानेवारीच्या तपासात पोलिसांनी थोडी जरी तत्परता दाखवली असती तर ही घटना बहुधा टळली असती. पण दिवसवार मोजदाद व्हायला आणखी वीस वर्षं गेली, आणि तिचं कारणही पुण्यातच घडलं. नोव्हेंबर 1964 मध्ये गोपाळ गोडसे सुटून आल्यावर इथे सत्यनारायणाची पूजा आणि सत्कार झाला. त्या समारंभात टिळकांचे नातू ग. वि. केतकर बोलून गेले की नथुरामचा बेत आपल्याला आधी माहीत होता. देशभर गदारोळ झाला, संसदेत प्रश्न आले आणि चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती कपूर यांनी 1969 मध्ये अहवाल दिला. कोणता कागद कुणाकडे कधी पोचला, कुणी वाचला, कुणी खिशात ठेवला, हे त्यात तारीखवार आहे. जाडजूड आहे, पण वाचाच. राणांच्या प्रवासाची पानं वाचताना मी दर वेळी थांबतो. विमान उपलब्ध होतं.

तर गृहस्थहो, आलात ना आज? मागच्या रांगेत दिसताय. रिव्हॉल्व्हर सकाळी अडलं, संध्याकाळी वापरलंच गेलं नाही, आणि त्याच्या जागी नवं हत्यार यायला दहा दिवस लागले. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. आता प्रश्न घेऊ. स्प्रिंगवाल्यांनी आधी हात वर करा.