कानावरच्या गादीची कुळकथा

१८८० च्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन ऑपरेटरांच्या खांद्यावर अक्षरशः जोखड असे. एझ्रा गिलिलँड याने बनवलेल्या त्या साधनात एक कानाला लावायचा भोंगा आणि एक बोलायचा भोंगा, दोन्ही खांद्यावरच्या चौकटीला जोडलेले. वजन दहा पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेचार किलो. ऑपरेटरचे दोन्ही हात जोडण्या करायला मोकळे राहावेत, एवढाच त्यामागचा विचार होता. आज गेमर ज्याला हेडसेट म्हणतो, त्याचा मूळपुरुष हाच. दोन्ही हात कामात, कान आणि तोंड मात्र दूरच्या माणसाशी बांधलेले.

या कुळात कानाशी नीट बांधले जाणे आधी आले, संगीत नंतर. गेमिंगसाठी मागून बंद असलेला हेडसेट निवडताना हे लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते. दुकानात आपण ‘आवाज कसा आहे’ आणि ‘कानाला कसा बसतो’ असे दोन वेगळे प्रश्न विचारतो. बंद हेडसेटच्या बाबतीत ते दोन प्रश्न नाहीतच. कानाभोवतीची गादी नीट टेकली तर आवाजही नीट, नाहीतर दोन्ही गेले.

पुढे डोक्यावर आलेले हे साधन खऱ्या अर्थाने सुधारणारा माणूस म्हणजे युटाचा नॅथॅनिएल बाल्डविन. मॉर्मन पंथाच्या प्रचंड सभागृहात प्रवचन नीट ऐकू येत नाही, म्हणून तो आवाज वाढवण्याच्या मागे लागला होता. १९१० मध्ये त्याने आपले हेडफोन अमेरिकी नौदलाकडे पाठवले. सोबतचे पत्र निळ्या-गुलाबी कागदावर जांभळ्या शाईने लिहिलेले. असे पत्र एखाद्या कारकुनाने टोपलीत टाकले असते तर नवल नव्हते. पण नौदलाने ते हेडफोन तपासले आणि ते तेव्हाच्या इतर उपकरणांपेक्षा कितीतरी संवेदनशील निघाले. आत अभ्रकाचा पडदा आणि दोन्ही बाजूंनी तोललेली आर्मेचर (चुंबकाने हलणारी लोखंडी पट्टी) होती, त्यामुळे बिनतारी यंत्रातला अगदी क्षीण संकेतही ऐकू येई. नौदलाने मागणी नोंदवली, तर बाल्डविन म्हणाला की एका वेळी दहाच देता येतील. माल घरच्या स्वयंपाकघरात तयार होत होता!

या हेडफोनचा डोक्यावर बसणारा पट्टाही त्याचाच. चामड्यात गुंडाळलेल्या दोन तारा, दोन्ही टोकांना कानावर टेकणाऱ्या वाट्या, आणि डोक्याच्या मापाप्रमाणे वरखाली सरकण्याची सोय. याचे पेटंट घे, असे नौदलाने सुचवले; त्याला मात्र ती गोष्ट फारच किरकोळ वाटली. आज शेकडो मॉडेलांत तीच रचना वावरते. दोन्ही बाजूंनी सारखा दाब आणि माप बदलण्याची सोय, यापलीकडे पट्ट्याचे काम फारसे गेलेले नाही.

पुढच्या पिढ्या लवकर सांगतो. बर्लिनमध्ये ऑयगेन बायर यांच्या कंपनीने १९३७ मध्ये डीटी-४८ हा डायनॅमिक हेडफोन आणला. चुंबकाच्या क्षेत्रात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला जोडलेला पडदा, ही पद्धत आजच्या बहुतेक गेमिंग हेडसेटांतही आहे. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी एसपी-३ हा स्टिरिओ हेडफोन आणला आणि हेडफोन घरातल्या संगीतासाठी मोठ्या प्रमाणावर खपू लागला. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने एचडी-४१४ काढून वाटीची पाठच उघडी केली. पिवळ्या फोमच्या गाद्या, हलके वजन, मोकळा आवाज. शांत खोलीत ऐकणाऱ्याला याहून सुखाचे काय?

पण ज्यांच्या भोवती शांतता नव्हती त्यांची शाखा वेगळी वाढत होती. विमानाच्या इंजिनाशेजारी काम करणाऱ्या माणसाला आधी गोंगाट अडवावा लागतो, मग पलीकडचा माणूस काय म्हणतो ते ऐकावे लागते. वैमानिकांचे दाबनियंत्रित पोशाख बनवणाऱ्या मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हिड क्लार्क कंपनीचे हिरवे हेडसेट याच गरजेतून आले. जाड वाट्या, घट्ट पट्टा, कानाला पूर्ण वेढणारी गादी. या शाखेत एक बंगाली धागाही आहे. कलकत्त्याहून निसटून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारक ननीगोपाल बोस यांचा मुलगा अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून विमानाने परतत होता. विमानातल्या हेडफोनमधून घरघर काही जाईना, म्हणून त्याने प्रवासातच उलट्या ध्वनिलहरीने ती खोडण्याचे गणित मांडायला घेतले. त्यातून १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट निघाला. बंद वाटी उंच पट्टीतले आवाज छान अडवते, खर्जातली घरघर मात्र तिला फारशी जुमानत नाही. पंख्याची घूं बंद हेडसेटमध्येही का येते, याचे कारण हेच.

गेमिंगने वारसा घेतला तो मुख्यतः या गोंगाटवाल्या शाखेचा. २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन खेळण्याची सेवा आली तेव्हा सोबत एका कानाचा हेडसेट मिळे. बोलायला तो पुरे, शत्रूची पावले ओळखायला नाही. स्पर्धा व्यासपीठावर गेल्या, समोर हजारो प्रेक्षक ओरडू लागले, आणि बंद वाटीला पर्याय उरला नाही. आज मोठ्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धांत खेळाडूच्या कानात इयरफोन आणि त्यावर मोठा बंद हेडसेट दिसतो. कानातल्यातून गेमचा आवाज येतो, वरच्यातून प्रेक्षकांचा ओरडा झाकणारी एकसुरी सरसर.

२०१४ चा हायपरएक्स क्लाउड या घराण्यातला मला सर्वांत बोलका वाटतो. तो मुळात क्यूपॅड या स्वीडिश कंपनीच्या क्यूएच-९० वर बेतलेला, आणि त्याच्याही मागे ताकस्टार या चिनी कंपनीचा प्रो-८० हा स्टुडिओचा हेडफोन. म्हणजे संगीताच्या खोलीतली वाटी घेतली, तिला माइक जोडला आणि ती खेळाच्या टेबलावर आली.

आता परीक्षेचे. वाटीत ड्रायव्हर (गुंडाळी आणि पडद्याचा आवाज काढणारा भाग) आणि कान यांच्या मध्ये हवेची एक छोटी कोठडी असते. खालच्या पट्टीचा आवाज म्हणजे त्या कोठडीतल्या हवेचा सावकाश बदलणारा दाब. गादी कुठे उचलली गेली की दाब तिथून निसटतो आणि आधी बास जातो. चष्म्याच्या काड्या हेच करतात. म्हणून हेडसेट तपासताना रोज लावतो तो चष्मा लावूनच बसावे. ओळखीचे, ठळक बास असलेले गाणे चालू करावे आणि दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच आत दाबाव्यात. दाबल्यावर बास एकदम भरून आला, तर आधी गादी टेकलेली नव्हती. पट्टा आणखी घट्ट झाला तर आवाज सुधारेल, पण कानशिले दुखतील. तो हेडसेट त्या डोक्यासाठी नाही, मग किंमत कितीही असो.

दिशेचा प्रश्न यापुढचा. आवाज डावीकडून की उजवीकडून हे मेंदू दोन कानांतल्या तीव्रतेच्या फरकावरून आणि काळाच्या अंतरावरून ठरवतो, आणि ते अंतर जास्तीत जास्त सेकंदाच्या सहा-सात दशसहस्रांशाएवढे असते. पुढे की मागे हे मात्र बाहेरच्या कानाच्या घड्या सांगतात. खोक्यावरचे ‘७.१’, म्हणजे चहूकडून आवाज येण्याचा दावा, हे बहुधा दोनच ड्रायव्हर आणि बाकी गणित. गेममध्येच असे गणित चालू असेल तर हेडसेटचे बंद ठेवावे. एकावर एक दोन प्रक्रिया झाल्या की पावले धुरकट होतात. बंद वाटीत ड्रायव्हरच्या मागचा आवाजही भिंतीवर आपटून परततो. आतला फोम तो नीट शोषत नसेल तर माणसाचे बोलणे डब्यातून आल्यासारखे वाटते. म्हणून स्फोटांपेक्षा संवाद ऐकून बघावेत.

आणि किमान तासभर तो डोक्यावर ठेवावा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच हेडसेट मऊ असतात. टाळूवर एकच ठिपका दुखतो का, कानाची कड आतल्या कापडाला घासते का, हे अर्ध्या तासानंतर कळते. गादी चांगली टेकली तर आवाजही कमी ठेवता येतो, आणि ही आरामाहून मोठी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित.

आपल्या हवेत एक प्रश्न जास्तीचा येतो. कृत्रिम चामड्याची गादी आवाज उत्तम अडवते, पण नागपूरच्या मे महिन्यात कान उकडून निघतात, आणि मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तिचे पापुद्रे लवकर सुटू लागतात. मखमली गादी श्वास घेते. मात्र तिच्यातून थोडी हवा सुटते, म्हणून बास जरा उतरतो आणि बाहेरचा आवाज जास्त येतो. क्लाउडच्या खोक्यात दोन्ही गाद्या येत, हा मला त्याचा सर्वांत शहाणा भाग वाटतो. घेण्यापूर्वी गादी सुटी मिळते का, हे विचारून ठेवावे. बदलताना मूळ आकाराची आणि मूळ जाडीचीच घ्यावी, कारण जाडी थोडी जरी बदलली तरी ड्रायव्हरचे कानापासूनचे अंतर बदलते आणि तोच हेडसेट वेगळा वाजू लागतो.