फोर्ड यांच्या घरची विजेची मोटार

विजेची मोटार नवी, असे आपण समजतो. पण पेट्रोलची मोटार सामान्यांच्या दारी नेणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा १९१४ सालची ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवीत! का, ते पाहू. फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ हँडल फिरवून सुरू करावी लागे. हँडल उलटे फिरले, तर मनगटही मोडे. विजेच्या मोटारीला हँडल नको, गिअर बदलणे नको. ताशी तीसेक किलोमीटर वेग शहरात पुरे. रात्री बॅटरी चार्ज करायची. शेतकऱ्याला मात्र ती कुचकामी. अमेरिकेतल्या बहुतेक शेतघरांत वीजच नव्हती! विजेच्या छोट्या मोटरने इंजिन सुरू करण्याची सोय कॅडिलॅकमध्ये १९१२ साली आली, ‘मॉडेल टी’त १९१९ साली. मग शहरातले गिऱ्हाईकही पेट्रोलकडे वळले.