हलक्या वाहनांतील विभेदी दंतचक्रमाला

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापता यावे, यासाठी चालक आसाच्या मध्यभागी बसविलेल्या दंतचक्रांच्या जोडणीस विभेदी दंतचक्रमाला म्हणतात. कारागिरांत ती डिफरन्शियल या नावाने ओळखली जाते. मोटरसायकलचे एंजिन तीन वा चार चाकांच्या वाहनास जोडू पाहणाऱ्यांची खरी कसोटी एंजिनापाशी नव्हे, तर या जोडणीपाशी लागते. महाराष्ट्रातील स्वस्त व हलक्या वाहनांच्या इतिहासात हा प्रश्न निरनिराळ्या प्रकारे सोडविला गेला आहे.

बैलगाडीस हा प्रश्न कधीच पडला नाही. तिचा कणा स्थिर असतो व दोन्ही चाके त्यावर सुटी फिरतात. ओढ बैलांची असल्यामुळे प्रत्येक चाक आपापल्या गतीने फिरते. चाकांनाच चालना द्यावयाची झाली म्हणजे मात्र अडचण सुरू होते. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने वाफेच्या गाडीसाठी 1828 मध्ये विभेदी मालेचे एकस्व घेतले. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली याने 1877 मध्ये ती पायांनी चालविण्याच्या तीनचाकीस लावली. मोटरसायकलचे चालक चाक एकच असल्याने तिला या मालेची गरज नसते. म्हणूनच तिच्या एंजिनात व दंतचक्रपेटीत तिची सोय केलेली नसते. उलटी गतीही बहुधा नसते.

पहिला मार्ग प्रश्न टाळण्याचा होता. इंग्लंडमधील मॉर्गन या तीनचाकी गाडीत (1910 पासून) पुढे दोन व मागे एक चाक असून चालना एकट्या मागच्या चाकास होती. भारतात हाच विचार उलट बाजूने आला. 1958 मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या पुण्याच्या कंपनीने जर्मन रचनेची हॅन्सीट ही तीनचाकी मालवाहू गाडी बनविली. तिचे एंजिन पुढच्या एकमेव चाकावर बसविलेले होते व चालना साखळीने त्याच चाकास मिळे. मागची दोन चाके बैलगाडीच्या चाकांप्रमाणे नुसती भार वाहत. रचना सोपी, परंतु माल मागे आणि ओढ पुढे, त्यामुळे भरलेली गाडी चढावर असताना चालक चाकावर पुरेसा भार राहत नाही, हा या मार्गाचा अंगभूत दोष होय.

दुसरा मार्ग रिक्षाचा. बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने 1948 पासून दुचाकी व तीनचाकी वाहने आयात केली. देशात उत्पादन करण्याचा परवाना 1959 मध्ये मिळाला. या रिक्षाची मूळ कल्पना इटलीतील पियाज्यो कंपनीच्या आपे या तीनचाकीची. स्कूटरच्या जातीचे एंजिन मागे ठेवून दंतचक्रपेटी, उलटी गती व विभेदी माला ही सर्व एकाच कवचात घालणे व तेथून दोन आखूड दंडांनी चाकांना चालना देणे, अशी ही रचना आहे. 1985 मध्ये औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि ही रचना मराठवाड्याच्या दारात आली. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या झहीराबाद (तेलंगण) येथेही महिंद्रचा तीनचाकी वाहनांचा कारखाना आहे. रिक्षाच्या या संयुक्त पेटीमुळे घरगुती गाडी बनविणाऱ्यासही एक तयार उत्तर मिळाले. मात्र ती लहान एंजिनाच्या बेताची असते. तिला मोठ्या मोटरसायकलचे एंजिन जोडणे म्हणजे बैलाच्या जुवावर हत्तीचे ओझे लादणे होय.

तिसरा मार्ग मोटरगाडीचा मागील आस जसाच्या तसा घेण्याचा. ॲम्बॅसडर व पद्मिनी या मागील चाकांना चालना असलेल्या गाड्यांचे आस यास चालतात. 1984 मध्ये आलेल्या मारुती व्हॅनचाही (पुढे ओम्नी) चालतो. याउलट मारुती 800 ची चालना पुढच्या चाकांना असून तिची विभेदी माला दंतचक्रपेटीतच आहे, त्यामुळे वेगळा मागील आस तिच्यापासून मिळत नाही.

तयार आसाच्या निवडीत गुणोत्तर सर्वांत महत्त्वाचे. मोटरगाडीत वरच्या गतीत एंजिन व आस यांच्यामध्ये घट बहुधा नसते, म्हणून आसातच सुमारे चारपट घट ठेवतात. मोटरसायकलच्या पेटीत मात्र एंजिनापासून क्लचपर्यंतच एक घट आधीच झालेली असते. उदाहरणार्थ, एंजिनाचे मिनिटास 8,000 फेरे व पेटीतील एकूण घट अडीचपट धरल्यास बाहेर 3,200 फेरे मिळतात. मोटरसायकलवर साखळीची घट तीनपट व चाकाचा परीघ 2 मी. असल्यास वेग ताशी सुमारे 128 किमी. होतो. तेच एंजिन चारपट घटीच्या आसास व 1.75 मी. परिघाच्या चाकांस जोडले, तर वेग ताशी 84 किमी. वर येतो व एंजिन तितकेच ओरडत राहते. यावरून कमी घटीचा आस निवडावा असे वाटते. पण गाडीचे वजन मोटरसायकलच्या दुप्पट-तिप्पट असते, आणि घट फार कमी ठेवल्यास गाडी हलविताना क्लच जळतो. आसाच्या फिरण्याची दिशाही पाहावी लागते. दिशा जुळावी म्हणून आस उलटा बसविल्यास लहान दंतचक्राच्या धारव्यापर्यंत वंगण नीट पोहोचत नाही.

या तडजोडीचा अर्थ नांदेड–लातूर भागात स्पष्ट होतो. नांदेड गोदावरीकाठी समुद्रसपाटीपासून सुमारे 360 मी. वर, तर लातूर बालाघाटच्या पठारावर 600 मी. हून उंच आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने जाताना भरल्या गाडीला चढ लागतात. तेथे अधिक घट उपयोगी पडते. मोकळ्या महामार्गावर तीच त्रासदायक ठरते. दुसरी अडचण काळ्या जमिनीची. साधी विभेदी माला दोन्ही चाकांना सारखीच ओढ देते. एक चाक चिखलात निसटले की कोरड्या जागेवरील दुसऱ्या चाकालाही तेवढीच क्षीण ओढ मिळते आणि गाडी जागीच रुतते. पावसाळ्यात शेतरस्त्यावर अडकलेल्या टमटममधून उतरून ती ढकलणाऱ्या प्रवाशांचा हा अनुभव याच तत्त्वाचा परिणाम होय. दोन्ही चाके जखडून टाकल्यास चिखलातून सुटका होते, पण कोरड्या रस्त्यावर टायर घासतात व गाडी वळणाऐवजी सरळ जाऊ पाहते. घसरण मर्यादित ठेवणारी माला दोन्ही दोष कमी करते. ती महाग असल्यामुळे रिक्षात आढळत नाही. विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी 710 घ.सेंमी. पर्यंतच्या एंजिनांवर बनविल्या जाणाऱ्या शर्यती गाड्यांत ती साखळीने चालविलेली दिसते.

या प्रकारच्या वाहनास शासनमान्य रूप देण्याचे प्रयत्नही झाले. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 मध्ये मीरा या छोट्या मोटरगाडीचा पहिला नमुना तयार केला व पुढे अनेक वर्षे तीत सुधारणा केल्या. तिचे कारखानी उत्पादन झाले नाही. 2012 मध्ये बजाजने मोटरसायकलच्या जातीचे एंजिन मागे असलेली चारचाकी दाखविली. क्यूट या नावाची ही वाळूज येथे बनणारी गाडी रिक्षाच्याच वंशातील होय. तिच्या मार्गात तंत्रापेक्षा नियमांचा अडथळा मोठा होता. चतुश्चक्री हा नवा वर्ग मान्य होऊन देशात तिची खाजगी विक्री 2019 मध्ये सुरू झाली.

एकट्या कारागिरास ही वाट जवळजवळ बंद आहे. केंद्रीय मोटर वाहन नियम, 1989 प्रमाणे वाहनाच्या नमुन्यास पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या अधिकृत संस्थेची मान्यता लागते. सांगली जिल्ह्यातील एका ग्रामीण कारागिराने सुमारे 60,000 रुपयांत दुचाकीचे एंजिन व रिक्षाची चाके वापरून, लाथेने सुरू होणारी छोटी जीप बनविली. डिसेंबर 2021 मध्ये ती देशभर गाजली; पण नियमांत न बसल्याने ती रस्त्यावर राहू शकणार नव्हती. जानेवारी 2022 मध्ये महिंद्र कंपनीने त्याला बोलेरो देऊन ती जीप स्वतःच्या संग्रहासाठी घेतली.