वऱ्हाडच्या वेशीवरील कोळसा

वऱ्हाडचें नांव काढलें कीं कापूस आठवतो. कोळसा आठवत नाहीं. तथापि अमरावती-अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांतील यंत्रें वाफेवर चालत, त्या काळीं कोळशाची मातब्बरी कांहीं कमी नव्हती.

वर्धा नदी ही वऱ्हाडची पूर्व सीमा. तिच्या अलीकडे वणी व पलीकडे वरोरा, या दोन्ही ठिकाणीं भूगर्भांत दगडी कोळसा आहे. वरोऱ्याची खाण १८७० नंतरच्या दशकांत चालू झाली व १९०६ सालीं बंद पडली. जमशेटजी टाटांनीं १८७७ सालीं नागपुरास एम्प्रेस मिल काढली, तेव्हां जवळचा कापूस व हा कोळसा हीं दोन्ही त्यांच्या दृष्टीपुढें होतीं.

पुढें १८८२ सालीं रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा चांदा जिल्ह्यांतील लोखंडासंबंधींचा अहवाल त्यांच्या वाचनांत आला. लोहारा येथील धातुपाषाण उत्तम होता. मग कारखाना तेथेंच कां निघाला नाहीं? सरकारचे खाणीविषयक नियम जाचक होते, हें एक कारण. दुसरें कोळशांतच होतें. वरोऱ्याचे नमुने जर्मनींत तपासले गेले. ते उपयोगी ठरले नाहींत.

लोखंड गाळणाऱ्या भट्टीस कोक लागतो. बंद भट्टींत, हवा लागूं न देतां तापविला असतां, कोकयोग्य कोळसा ३५० ते ४५० अंशांच्या सुमारास मऊ होतो, फुगतो व त्याचे कण एकमेकांस चिकटतात. ५०० अंशांच्या सुमारास तो पुन्हां घट्ट होतो. आणि तेथून १००० अंशांपर्यंत तापत जातांना आकसतो. या आकसण्यामुळेंच कोकची लादी भिंतींपासून सुटते व बाहेर ढकलतां येते. ती न आकसली तर अडकून बसते व भिंतींस इजा करते. वर्धेच्या खोऱ्यांतील कोळसाही तापल्यावर आकसतो. परंतु आधीं मऊ होऊन चिकटत नसल्यामुळें त्याची लादीच बनत नाहीं, भुगा होतो. भट्टींतील धातुपाषाणाचा भार भुग्यानें कसा पेलावा?

अखेर १९०७ सालीं स्थापन झालेल्या टाटा कंपनीचा कारखाना दूर पूर्वेस साकची येथें उभा राहिला. त्यास झरियाचा कोकयोग्य कोळसा मिळूं शकत होता. १९१२ सालीं तेथें पोलाद निघालें. आपल्या वेशीवरील कोळशानें वाफ दिली, आणि आज चंद्रपूरच्या विद्युत्केंद्रांत तो वीज देत आहे. खाण दाराशीं असली म्हणून पोलाद दाराशीं येतेंच असें नाहीं. पाषाणाचा गुणही जुळावा लागतो, एवढेंच या इतिहासाचें सांगणें आहे.