महामंदी आणि हलक्या विमानांचे छोटे उत्पादक : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा (१९२७ ते १९४०)

प्रस्तावना :

विमानउद्योगाचा इतिहास सामान्यतः महायुद्धे, लष्करी विमाने आणि मोठ्या प्रवासी कंपन्या यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. खाजगी मालक, उड्डाण प्रशिक्षण संस्था आणि लहान व्यावसायिक यांच्यासाठी दोन ते पाच आसनी विमाने तयार करणाऱ्या छोट्या कारखान्यांकडे इतिहासकारांचे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. वास्तविक आर्थिक अरिष्टाचा सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्र फटका याच कारखान्यांना बसतो. खाजगी विमान ही जीवनावश्यक वस्तू नसल्यामुळे उत्पन्न घटताच तिची खरेदी लांबणीवर पडते. मात्र कारखान्याचे भाडे, नव्या नमुन्याच्या आरेखनाचा आणि शासकीय प्रमाणपत्राचा खर्च तसाच राहतो. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील असे काही कारखाने कसे कोसळले, कोणते टिकले आणि का टिकले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

तेजीचे स्वरूप :

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत युद्धकाळातील शिल्लक विमाने अत्यल्प किमतीत बाजारात आली आणि नव्या विमानांना ग्राहक मिळणे कठीण झाले. तरीही कॅन्सास राज्यातील विचिटा या शहरात या उद्योगाने मूळ धरले. सपाट भूप्रदेश, जवळपासच्या तेलक्षेत्रांतून आलेला पैसा आणि साहसी स्थानिक भांडवलदार ही त्यामागील प्रमुख कारणे होत. तेल व्यावसायिक जेकब मोलेनडिक याच्या भांडवलावर १९२० मध्ये तेथे ‘स्वॅलो’ विमानाची निर्मिती सुरू झाली. पुढे १९२५ मध्ये वॉल्टर बीच, लॉईड स्टिअरमन आणि क्लाईड सेस्ना यांनी एकत्र येऊन ‘ट्रॅव्हल एअर’ ही कंपनी स्थापन केली. थोड्याच काळात स्टिअरमन आणि सेस्ना यांनी वेगळे होऊन आपापल्या नावांच्या कंपन्या काढल्या.

मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने न्यूयॉर्क ते पॅरिस हे एकट्याने केलेले अखंड उड्डाण यशस्वी झाले आणि विमान कंपन्यांच्या समभागांकडे गुंतवणूकदारांचा ओघ सुरू झाला. १९२९ मध्ये अमेरिकेत सुमारे ५,५०० नागरी विमाने तयार झाली. त्याच वर्षी मोठ्या भांडवली समूहांनी छोट्या कंपन्या ताब्यात घेण्याचा सपाटा लावला. ट्रॅव्हल एअर ही कर्टिस-राईट समूहात, तर स्टिअरमनची कंपनी युनायटेड एअरक्राफ्ट अँड ट्रान्सपोर्ट या समूहात विलीन झाली. कारखाने विचिटातच राहिले. परंतु त्यांचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार पूर्वेकडील संचालक मंडळांच्या हाती गेला.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. या तेजीला प्रत्यक्ष ग्राहकांच्या मागणीपेक्षा समभाग बाजारातील अपेक्षांचा आधार अधिक होता. फोर्डची नवी मोटार पाचशे डॉलरांच्या आसपास मिळत असताना नव्या विमानाला काही हजार डॉलर मोजावे लागत. एवढी रक्कम देऊ शकणारा वर्ग मुळातच मर्यादित होता.

अरिष्ट :

ऑक्टोबर १९२९ मध्ये समभाग बाजार कोसळला. नागरी विमानांचे उत्पादन १९३० मध्ये निम्म्यावर आले आणि १९३२ मध्ये ते जेमतेम ८०० पर्यंत घसरले. तीन वर्षांत सुमारे ८५ टक्के घट, असे या घसरणीचे प्रमाण होते. लष्करी उत्पादनात एवढी पडझड झाली नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे लष्कराची कंत्राटे होती त्या मोठ्या कंपन्या तग धरू शकल्या. केवळ खाजगी ग्राहकांवर विसंबून असलेल्या छोट्या कंपन्यांना तो आधार नव्हता.

सेस्ना कंपनीने या काळात चारशे डॉलरांहून कमी किमतीचे ग्लायडर विकून पाहिले. परंतु त्यावर कारखाना चालणे शक्य नव्हते. १९३१ मध्ये संचालकांनी तो बंद केला आणि क्लाईड सेस्ना यांना स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडावे लागले. कर्टिस-राईट समूहानेही खर्चकपातीसाठी ट्रॅव्हल एअरचा विचिटातील कारखाना बंद केला. ज्या शहराने ‘विमानांची राजधानी’ असे बिरुद मिरवले होते, तेथील सुतार, जोडारी, वेल्डर आणि पंखांवर कापड चढविणारे कामगार बेकार झाले.

टिकून राहण्याचे तीन मार्ग :

या पडझडीतून जे उत्पादक वर आले त्यांच्या धोरणांत तीन भिन्न मार्ग दिसून येतात.

पहिला मार्ग वॉल्टर बीच यांचा होता. मोठ्या समूहातील अधिकारपद सोडून ते विचिटाला परतले आणि १९३२ मध्ये, मंदीच्या सर्वांत बिकट वर्षी, पत्नी ऑलिव्ह ॲन यांच्यासह त्यांनी ‘बीच एअरक्राफ्ट’ स्थापन केली. ऑलिव्ह ॲन यांनी ट्रॅव्हल एअरच्या कचेरीचा कारभार पाहिला होता आणि नव्या कंपनीच्या आर्थिक व्यवहारांची सूत्रे त्यांच्याकडेच होती. कंपनीचे पहिले विमान नोव्हेंबर १९३२ मध्ये उडाले. पुढे ‘स्टॅगरविंग’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या विमानाची किंमत १४ ते १७ हजार डॉलर होती. वरकरणी हा निर्णय अविचारी वाटतो. परंतु त्यामागे निश्चित हिशोब होता. मंदीतही तेल कंपन्या आणि मोठे व्यावसायिक यांच्याकडे पैसा होता व त्यांना वेगवान प्रवासाची गरज होती. थोडी विमाने, पण चढ्या किमतीची, असे हे गणित होते. या विमानाची निर्मिती सेस्नाच्या बंद पडलेल्या कारखान्यात भाड्याने जागा घेऊन सुरू झाली. पुढे बीच यांनी ट्रॅव्हल एअरचा जुना कारखानाही मिळविला.

दुसरा मार्ग याच्या नेमका उलट होता. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रॅडफर्ड येथे सी. जी. टेलर यांची कंपनी मंदीच्या पहिल्याच टप्प्यात दिवाळखोरीत निघाली. तेल व्यावसायिक विल्यम पायपर यांनी तिची मालमत्ता अवघ्या ७६१ डॉलरांना विकत घेतली आणि टेलर यांना भागीदार म्हणून सोबत ठेवले. कमी अश्वशक्तीचे इंजिन, नळ्यांचा सांगाडा, कापडी आवरण आणि दोन आसने असे ‘कब’ विमान त्यांनी सुमारे १,३०० डॉलरांना विकले. ओहायो राज्यातील एरोन्का कंपनीनेही स्वस्त आणि हलक्या विमानाचाच मार्ग धरला होता. विमान विकत घेणे परवडत नसले तरी तासाच्या भाड्याने उडणे अनेकांना परवडत होते. त्यामुळे उड्डाण शाळा हाच पायपर यांचा खरा ग्राहक ठरला. टेलर व पायपर यांच्यातील मतभेद विकोपाला जाऊन टेलर बाहेर पडले. मार्च १९३७ मध्ये ब्रॅडफर्डचा कारखाना आगीत भस्मसात झाला. तेव्हा पायपर यांनी लॉक हेवन येथील एका बंद रेशीम गिरणीत काम पुन्हा सुरू केले. १९३८ मध्ये आलेल्या ‘जे-३ कब’ या नमुन्याची सुमारे २०,००० विमाने पुढील दशकभरात तयार झाली.

तिसरा, मध्यम मार्ग सेस्नाचा होता. क्लाईड सेस्ना यांचे भाचे ड्वेन वॉलेस यांनी १९३४ मध्ये भागधारकांचा पाठिंबा मिळवून बंद कारखाना पुन्हा सुरू केला. कमी अश्वशक्तीत अधिक वेग आणि कमी इंधनखर्च हे त्यांच्या चार आसनी विमानाचे वैशिष्ट्य होते. स्पर्धांमध्ये मिळालेल्या पारितोषिकांचा उपयोग त्यांनी जाहिरातीसाठी केला. तरीही १९३० च्या दशकाअखेरपर्यंत कंपनीची स्थिती नाजूकच होती.

शासनाची भूमिका :

या छोट्या उत्पादकांच्या टिकण्याचे श्रेय केवळ उद्योजकांच्या जिद्दीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. शासनाचा पहिला प्रयत्न फसला. नागरी विमान वाहतूक विभागाचे प्रमुख यूजिन व्हिडाल यांनी १९३३ मध्ये सातशे डॉलरांच्या ‘सामान्य माणसाच्या विमाना’ची योजना मांडली. उत्पादकांनी तिला कडाडून विरोध केला; कारण इतक्या कमी किमतीत विमान तयार करणे त्यांना अशक्य वाटत होते आणि अशा घोषणेमुळे ग्राहक उपलब्ध विमाने घेण्याचे टाळतील, अशी त्यांना धास्ती होती. मागणी निर्माण न करता केवळ किमतीचे लक्ष्य जाहीर केल्याने उद्योगाला आधार मिळत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

दुसरा प्रयत्न मात्र परिणामकारक ठरला. डिसेंबर १९३८ मध्ये अध्यक्ष रुझवेल्ट यांनी नागरी वैमानिक प्रशिक्षण योजना जाहीर केली. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना शासकीय खर्चाने उड्डाण शिकविले जाऊ लागले आणि त्यासाठी मोठ्या प्रमाणावर ‘कब’ विमाने वापरली गेली. याच सुमारास युरोपात युद्ध सुरू झाले. १९४० मध्ये सेस्नाच्या दोन इंजिनांच्या टी-५० विमानाला अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांकडून प्रशिक्षणासाठी मागणी आली. या विमानाचे एकूण उत्पादन पुढे ५,००० वर गेले. त्या वर्षी देशातील नागरी विमानांचे उत्पादन ६,००० च्या पुढे गेले आणि १९२९ चा उच्चांक प्रथमच ओलांडला गेला. या पूर्वपदावर येण्यास अकरा वर्षे लागली होती.

भारतीय संदर्भ :

या इतिहासाचा एक धागा भारताशी जुळतो. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना ज्युनिअर कॉलेजमध्ये मॅक्स हार्लो यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी एका छोट्या विमानाची रचना केली होती. त्यातून उभी राहिलेली हार्लो कंपनी अमेरिकन बाजारपेठेत फारशी विमाने विकू शकली नाही. परंतु सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली, तेव्हा १९४१ मध्ये तेथे जोडणी होऊन उडालेले पहिले विमान हार्लोचेच प्रशिक्षण विमान होते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मंदीत टिकण्यासाठी सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त असे दोन्ही मार्ग यशस्वी ठरले. आपला ग्राहक नेमका कोण आणि त्याच्याकडे पैसा कोठून येतो, याचे अचूक भान हा त्या दोहोंतील समान घटक होता.

२. मोठ्या समूहात विलीन होणे ही सुरक्षिततेची हमी नव्हती. स्टिअरमनचा कारखाना टिकला, तर ट्रॅव्हल एअरचा कारखाना त्याच्या मालक समूहानेच बंद केला.

३. कंपनी बुडाली तरी तिची सामग्री नष्ट झाली नाही. सेस्नाचा रिकामा कारखाना बीचला, टेलरची लिलावात निघालेली यंत्रसामग्री पायपरला आणि बंद रेशीम गिरणी ‘कब’ला उपयोगी पडली. कुशल कामगार त्याच परिसरात राहिल्यामुळे उद्योगाची पुनर्बांधणी शक्य झाली. या कामगारांनी सोसलेली बेकारीची वर्षे मात्र ताळेबंदात कोठेही नोंदली गेली नाहीत.

४. खाजगी धोरणांमुळे कंपन्या जिवंत राहिल्या. परंतु उद्योगाला पूर्वीची पातळी शासकीय प्रशिक्षण आणि युद्धकालीन मागणीमुळेच गाठता आली.

पुढील काळातही हे चक्र थांबले नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत १७,८११ छोटी विमाने विकली गेली होती. १९९४ मध्ये हा आकडा ९२८ वर आला. पायपर कंपनीने १९९१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २००८ च्या जागतिक मंदीत एक्लिप्स एव्हिएशन ही नवी कंपनी बुडाली आणि २०१२ मध्ये बीचच्या वारसदार कंपनीलाही न्यायालयाचे संरक्षण घ्यावे लागले. २०१४ मध्ये टेक्स्ट्रॉन समूहाने ती विकत घेतली. याच समूहाकडे १९९२ पासून सेस्नाही होती. १९३२ मध्ये एका बंद कारखान्याच्या भाडेकराराने जोडली गेलेली विचिटातील ही दोन नावे अखेरीस दुसऱ्या एका मंदीमुळे एकाच मालकीखाली आली.