ऋषिपत्तनचे पाच श्रोते

बुद्धांच्या उपदेशाचा प्रवास एका नकाराने सुरू झाला, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. बोधिप्राप्तीनंतर ते गयेहून काशीकडे निघाले असता वाटेत उपक नावाचा आजीवक भेटला. मुद्रेवरचे तेज पाहून त्याने त्यांच्या गुरूचे नाव विचारले. आपल्याला गुरू नाही, आपण स्वतःच बुद्ध झालो आहोत, असे उत्तर मिळताच, ‘असेलही’ अशा अर्थाने मान हलवून तो आडवाटेने निघून गेला. विनयपिटकाने हा प्रसंग लपविला नाही. त्या प्रांजळपणाचे मला मोल वाटते.

काशीजवळचे ऋषिपत्तन म्हणजेच सारनाथ. अशोकस्तंभाचे जे सिंहशीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात सापडले आणि १९५० साली भारताची राजमुद्रा झाले, ते इथलेच. तेथे बुद्धांचे पाच जुने सोबती राहत होते. उरुवेलेच्या तपश्चर्येत ते बरोबर होते. पण बुद्धांनी उपवास सोडून अन्न घेतले, तेव्हा त्यांना भ्रष्ट ठरवून हे पाचजण निघून आले होते. बुद्ध दुरून दिसताच, उठून स्वागत करायचे नाही, असा त्यांनी ठराव केला. ठराव टिकला नाही, ही गोष्ट वेगळी. संशय मात्र टिकला. तप सोडणाऱ्याला ज्ञान कसले, असे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले.

म्हणूनच पहिल्या प्रवचनाचा आरंभ मध्यम मार्गाने होतो. विषयोपभोग हे एक टोक, देहदंड हे दुसरे, दोन्ही त्याज्य. हे त्या आक्षेपालाच दिलेले उत्तर होय. मग चार आर्यसत्ये येतात. दुःख आहे; ते तृष्णेतून उपजते; तृष्णेच्या निरोधाने त्याचा निरोध होतो; आणि त्यासाठी सम्यक दृष्टीपासून सम्यक समाधीपर्यंत आठ अंगांचा मार्ग आहे. याला कोणी दुःखवाद म्हणतात. पण रोगाचे निदान करून औषध देणाऱ्या वैद्याला निराशावादी कोण म्हणेल? शिवाय तृष्णा म्हणजे केवळ सुखाची हाव नव्हे. आपण सदैव असावे ही जशी तृष्णा, तशी आपण नसावेच हीसुद्धा तृष्णाच. हे ऐकून ते देह झिजविणारे तपस्वी चपापले असतील!

प्रवचन संपले तेव्हा पाचांपैकी एकट्या कौंडिण्याला ते उमगले. बाकीच्यांना समजाविण्यात पुढचे दिवस गेले. काहींनी भिक्षा आणावी, काहींनी ऐकावे, असा क्रम चालला. पुढे काशीच्या श्रेष्ठीचा पुत्र यश आला, त्याचे मित्र आले. भिक्षू साठ झाले, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगून बुद्धांनी त्यांना चहूकडे धाडले आणि स्वतः ते उरुवेलेच्या वाटेला लागले.