मीठ-साखरेच्या पाण्याची वाट

लहान मुलाला जुलाब लागले की मराठी घरात आधी मीठ-साखरेचं पाणी कालवलं जातं. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या पुडीला आपल्याकडे ‘जलसंजीवनी’ असं नाव पडलं. नाव पुराणातलं वाटतं, पण ही पुडी कामाची आहे हे जगाला पटलं ते एका निर्वासित छावणीत, आणि त्याला अजून साठ वर्षंही झालेली नाहीत. परक्या देशांतून येणाऱ्या मदतीचं काय चुकतं आणि काय सुधारतं, हे पाहायचं तर या पुडीची वाट धरून चालावं.

२५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे सरहद्द ओलांडू लागले. वर्ष सरेपर्यंत भारतात आलेल्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. शाळा, बाजाराची मैदानं, उघड्यावर पडलेले सिमेंटचे मोठे पाइप, जिथे आडोसा मिळेल तिथे लोक राहिले. पावसाळा तोंडावर आला तशी छावण्यांमध्ये पटकी शिरली.

पटकी म्हणजे कॉलरा. पंढरीच्या वारीत एकोणिसाव्या शतकात तिने कितीतरी बळी घेतले, गावोगावी मरीआईची ठाणी तिच्याच भीतीने गजबजली. रोग्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं, सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी दगावतो. जंतू मारण्याआधी गेलेलं पाणी भरून काढणं महत्त्वाचं. त्यासाठी तेव्हाच्या डॉक्टरांना एकच खात्रीचा मार्ग माहीत होता, तो म्हणजे शिरेतून सलाइन.

दिलीप महालनबीस हे कोलकात्यातल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्रातले बालरोगतज्ज्ञ. जूनच्या अखेरीस ते आपली तुकडी घेऊन सरहद्दीजवळच्या बनगावच्या इस्पितळात पोचले. रुग्ण जमिनीवर ओळीने पडलेले होते. सलाइनची सुई टोचायची तर डॉक्टरला त्यांच्या ओकारीत आणि मळात गुडघे टेकावे लागत. सलाइनचा साठा संपत आला होता आणि ते लावायला शिकलेले हात तर त्याहून कमी होते. दोन दिवसांत महालनबीसांच्या ध्यानात आलं, की या रीतीने ही लढाई हरणार.

त्यांच्याकडे एक तोडगा होता, पण तो इस्पितळाच्या चार भिंतींत, मापं मोजत, निवडक रुग्णांवरच तपासलेला होता. आतड्याला नुसतं मिठाचं पाणी शोषता येत नसलं तरी सोबत साखर असली की ते मीठ आणि पाणी दोन्ही ओढून घेतं, आणि पटकीतही आतड्याची ही शक्ती शाबूत राहते. ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी १९६८मध्ये हे दाखवून दिलं होतं. तरी मोठ्या तज्ज्ञांना वाटे, की हे काम अडाणी माणसाच्या हाती देणं धोक्याचं.

महालनबीसांनी ते रुग्णांच्या नातलगांच्याच हाती दिलं. लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात हे जिन्नस तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचे, गरम इस्त्री फिरवून पिशवीचं तोंड बंद करायचं आणि बनगावला पाठवायचं. तिथे ते पिंपात कालवलं जाई. पिंपाला तोटी, तोटीखाली मग धरायचा आणि आईने, भावाने, बायकोने रोग्याला घोट घोट पाजत बसायचं. लोकांना विश्वास वाटावा म्हणून त्याला ‘तोंडाने घ्यायचं सलाइन’ म्हटलं गेलं. लिटरमागे खर्च अकरा पैसे.

आठ आठवड्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर असे उपचार झाले. आधी शंभरातले तीस जण दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

तरीही वैद्यकजगाला हे लगेच पचलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेतले धीमान बरुआ स्वतः बनगावला येऊन सारं पाहून गेले आणि पुढे त्यांनी हा उपाय संघटनेच्या गळी उतरवला. १९७८मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याला शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

निर्वासित मायदेशी परतले, बांगलादेश झाला, आणि ही विद्याही त्यांच्या देशात रुजली. तिथल्या ‘ब्रॅक’ संस्थेने १९८०पासून दहा वर्षं घरोघर बायका पाठवल्या. त्यांनी एक कोटीहून अधिक घरांत आयांना तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ अर्धा शेर पाण्यात कालवायला शिकवलं. या शिक्षिकांचा मोबदला किती घरं झाली यावर नव्हे, तर आयांना नंतर किती आठवतं यावर ठरे. मागाहून दुसरा माणूस जाऊन विचारायचा. मदतीच्या साऱ्या इतिहासात याहून शहाणं वेतनपत्रक क्वचित बनलं असेल.

इथवरची वाट उजेडाची. जुलै १९९४मध्ये गोमात तीच वाट हरवली.

रवांडात तीन महिन्यांत आठ लाखांच्या आसपास माणसांची, मुख्यतः तुत्सींची, कत्तल झाली होती. कत्तल करणाऱ्यांची राजवट कोसळली तसे चार-पाच दिवसांत पाच ते आठ लाख हुतू लोक सरहद्द ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या गोमा शहराभोवती जमा झाले. जमीन ज्वालामुखीच्या काळ्या खडकाची, कुदळ चालेना. ना संडास खणता येई, ना कबर. पाणी किवू सरोवराचं, तेच पिण्याचं आणि तेच सगळ्याचं. पहिल्या आठवड्यात माणशी दिवसाला जेमतेम २०० मिलिलिटर शुद्ध पाणी पुरवलं गेलं. २० जुलैला पटकीचं निदान झालं, पाठोपाठ रक्ती आव आली. महिन्याभरात जवळपास पन्नास हजार माणसं मेली.

पैसा आणि माणसं नव्हती म्हणून हे झालं असं म्हणता येत नाही. शंभरावर संस्था गोमात उतरल्या, अमेरिकन सैन्य आलं, जगभरचे कॅमेरे आले. पण ढाक्याच्या त्याच प्रयोगशाळेतून वाढलेल्या संस्थेचं पथक तिथे पोचलं तेव्हा त्यांना दिसलं ते असं: रुग्णांच्या अंगात पाणी फार सावकाश भरलं जात होतं, तोंडाने पाजण्याच्या पाण्याचा वापर अपुरा होता, सलाइन चुकीच्या प्रकारचं होतं आणि पटकीचा रुग्ण हाताळण्याचा पुरेसा अनुभव डॉक्टर-परिचारिकांना नव्हता. बनगावात रुग्णांच्या नातलगांनी जे केलं ते तेवीस वर्षांनी विमानाने आलेल्या पथकांना जमत नव्हतं. कळवळा खरा होता, तो कुणी नाकारू नये. पण सुतारकामासारखं मदतीचंही कसब असतं. ते शिकावं लागतं, आणि न शिकता हात घातला की माणसं मरतात.

गोमातली दुसरी जखम याहून खोल होती. छावण्यांवर ताबा कत्तल घडवणाऱ्यांचाच होता आणि धान्यवाटपही त्यांच्या हातून होई. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ची फ्रेंच शाखा याच कारणाने वर्षअखेरीस तिथून बाहेर पडली. इतर अनेक संस्था राहिल्या. उपाशी लेकरांसमोर कोणता निर्णय बरोबर, यावर त्या क्षेत्रातली माणसं अजून एकमत करू शकलेली नाहीत.

१९९६मध्ये अनेक देशांच्या आणि संस्थांच्या पुढाकाराने रवांडातल्या मदतीचा संयुक्त तपास अहवाल निघाला. काही संस्थांचं काम उत्तम, काहींचं बेजबाबदार, आणि मदत म्हणजे राजकीय निर्णयाला पर्याय नव्हे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी ‘स्फिअर’ प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पुस्तिकेत मोजमापं ठरली: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत, वीस जणांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा. पटकीच्या उपचारांत मृत्यू एक टक्क्याच्या आत. आकडे कोरडे दिसतात, पण त्यांच्यामुळे पाणी मिळणं हा निर्वासिताचा हक्क म्हणून मोजता येऊ लागला. दात्याच्या मर्जीवर सोडलेली ती गोष्ट राहिली नाही.

तरी २०१०मध्ये हैतीत जे घडलं त्याला या पुस्तिकेत उत्तर नव्हतं. जानेवारीत भूकंप झाला, ऑक्टोबरमध्ये पटकी. त्या देशात शतकभर तिची नोंद नव्हती. ती आली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या एका छावणीतून, तिथली घाण नदीत मिसळल्यामुळे. दहा हजारांच्या आसपास माणसं दगावली. संयुक्त राष्ट्रांनी वर्षानुवर्षं कानावर हात ठेवले आणि बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली ती डिसेंबर २०१६मध्ये. आपल्या संडासाचं पाणी कुठे जातं, हा प्रश्न मदतीला आलेल्यांनी स्वतःला विचारला नव्हता.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७पासून, सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात कॉक्स बझारला आले. एकेकाळी स्वतः निर्वासित झालेला देश आता यजमान होता. यावेळी पटकीची वाट पाहत बसणं झालं नाही. ऑक्टोबरमध्ये तोंडावाटे द्यायच्या लशीचे नऊ लाख डोस तिथे पोचले, ढाक्याच्या त्याच संस्थेने उपचार केंद्रं सज्ज केली. इतक्या दाटीवाटीच्या छावणीत पटकीची मोठी साथ उसळली नाही.

संडासांची गोष्ट मात्र वेगळी झाली. पहिल्या काही आठवड्यांत हजारो खणले गेले, पण उथळ, आणि कित्येक हापशांना अगदी लागून. ‘स्फिअर’प्रमाणे त्यांच्यात तीस मीटर अंतर हवं. खड्डे लवकर भरले, हापशांच्या पाण्यात मळाचे जंतू सापडले, मग ते संडास बुजवून नवे खणावे लागले. अंधारात, आतून कडी नसलेल्या संडासात जायला बायका धजत नव्हत्या. जावं लागू नये म्हणून त्या पाणीही कमी पीत. २०१८च्या सुधारित पुस्तिकेत संडास कुठे बांधायचा आणि कसा, हे वापरणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, आधी विचारा असं सांगितलं आहे. दाराला आतून कडी आणि रात्री उजेड, हेही तिथे लिहिलेलं आहे.